गुडघ्याखालचा लोड

गुडघा धरतो, आखडतो, भरून येतो. मराठीत सांध्याचे दुखणे सहसा क्रियापदाने सांगतात. माझ्या बायकोचे गुडघे दुखायला लागले तेव्हा माझी आईही तसेच म्हणाली, "गुडघं धरल्यात पोरीचं. सुटतील." जे धरले ते कधीतरी सुटते, हे त्या बोलण्यात गृहीत होते. 'आर्थ्रिटिक' हे इंग्रजी विशेषण घरात नंतर आले आणि आले ते राहिलेच.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. औरंगपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघे राहत होतो. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. टेलिप्रिंटरवर येणाऱ्या इंग्रजी बातम्या मराठीत आणणे हे काम. वडील गेल्यावर आई कन्नडकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेली. बायको फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वय एकतीस. आई माणसांची वये ॲक्शनवरून, म्हणजे निझामी राजवट संपवणाऱ्या १९४८ सालच्या पोलीस कारवाईवरून, मोजत असे. कोण ॲक्शनच्या आधीचा, कोण नंतरचा. पोलीस ॲक्शनच्या वेळी आईला पहिले मूल झालेले होते. सून त्यानंतर जन्मलेली. त्यामुळे सुनेचे गुडघे आपल्या आधी धरावेत, याचे तिला नवल वाटे आणि थोडी लाजही.

सुरुवात थंडीत झाली. सकाळी उठल्यावर बायकोला पाय उचलता येत नसत. गुडघे सुजून गरम असत आणि हालचाल करायला गेले की आतून अडत. उन्हे वर आली की ते सैल पडत. पण शाळेकडे जाणारी बस उन्हे वर येईपर्यंत थांबत नव्हती. म्हणून ती अंधारातच उठून बसू लागली, पायांना जागे व्हायला वेळ मिळावा म्हणून. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच. तिला ती दोन्ही हातांनी दांडे धरून, स्वतःला ओढत चढावी लागे.

आईने गावाकडून निर्गुडीचा पाला मागवला. एरंडेल झाले, विटेचा शेक झाला. मग ती बिब्बा घेऊन आली.

"आत्याबाई, बिब्बा नको," बायको म्हणाली. "फोड येतात. वर्गात पोरं विचारतील."

"पोरं इचारतील म्हनून गुडघं घालवायचं का मंग?"

"एक पोरगं तर विचारूनच बसलंय, बाई तुम्ही गाडीतून पडला का म्हणून."

"सांग त्याला, व्हय, पडले. सासूनं ढकललं."

दोघी हसल्या. बिब्बा मात्र लागला नाही.

पुढे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हाडांचे डॉक्टर, मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, रक्त तपासायला सांगितले आणि दुसऱ्या भेटीत म्हणाले, "दोन्ही गुडघे आर्थ्रिटिक आहेत." गोळ्या दिल्या. रोज पाय हलवत राहा, म्हणाले.

शब्दाचा अर्थ मला ढोबळ माहीत होता. तरी ऑफिसात शब्दकोश काढून पाहिला. सांध्याच्या दाहासंबंधीचा, असा दाह असलेला, एवढाच अर्थ होता. वापराची उदाहरणे पुढे दिली होती. आजीची बोटे, म्हाताऱ्या कुत्र्याची चाल, वृद्धाचे खुबे. एकतीस वर्षांची बाई त्यांत कुठे नव्हती. शेवटी एक टीप होती की हाच शब्द नाम म्हणूनही वापरतात, तो रोग असलेल्या माणसासाठी.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारले, "हा शब्द म्हाताऱ्यांसाठी वापरतात ना?"

"वापरतात. रोग वय विचारत नाही. या प्रकारचा तर तरुण बायकांनाच जास्त होतो."

"माणसालाच आर्थ्रिटिक म्हणतात?" बायकोने मध्येच विचारले. शब्दकोशातले मी तिला घरी सांगितले होते.

"इंग्रजीत म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

परत येताना ती रिक्षात म्हणाली, "गुडघे असले तर असू देत. मला नाही म्हणून घ्यायचं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "शाळा सुटली तर मग मी तीच ना? घरात बसलेली, गुडघे घेऊन."

तिच्या घरात पगार घेणारी ती पहिली बाई होती. खेड्यात तिला 'बाई' एवढेच म्हणत. रस्त्यात भेटलेली म्हातारी माणसेही बाजूला होऊन वाट देत. तिला काय जाण्याची भीती होती, ते मला कळत होते.

गोळ्यांनी पोट जळू लागले. सूज थोडी उतरे, पुन्हा चढे. उन्हाळ्याच्या तोंडाशी असे दिवस आले की ती बसपर्यंत पोचत नव्हती. तिने लांब रजा घेतली. पडून राहिल्यावर दुखणे कमी होत नव्हते. पाय सरळ केला की कळ येई आणि वाकवला की थांबे. रात्रभर ती गुडघे उभे धरून पडे. झोप लागली की ते घसरत आणि ती ओरडून जागी होई.

तेव्हा आईने लोड दिला.

आमच्या गावाकडच्या घरी बैठकीत गादी आणि तिच्यावर दोन लोड असत. पांढरी खोळ घातलेले, कापसाने गच्च भरलेले. त्यांना पाहुणे टेकत, घरचे कर्ते पुरुष टेकत. बाईमाणसाने लोडाला टेकायची पद्धत नव्हती. आई स्वतः कधी टेकली नव्हती. लग्नाआधी नाही आणि विधवा झाल्यावरही नाही. गाव सोडताना त्यातला एक लोड तिने बरोबर आणला होता आणि तो पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीमागे उभा असे. एका संध्याकाळी तिने तो उचलून आत नेला, सुनेचे दोन्ही गुडघे हाताने वर केले आणि खाली सरकवला.

"आत्याबाई, अहो, हा तर बैठकीतला."

"बैठकीत कोन बसतंय आता? पड निवांत."

त्या रात्री ती सलग झोपली. सकाळी तिचा चेहरा पाहून आईने दारातूनच मला खूण केली. पुढचे दिवस आणि रात्री लोड तिथेच राहिला. आई दुपारी त्याची खोळ बदलत असे. सासूने सुनेला लोड दिला, हे शेजारच्या बायका एकमेकींना सांगत. घरातल्या कोणालाही त्यात काही गैर दिसले नाही. दुखणाऱ्या अंगाला टेकू द्यायचा असतो, यात विचारण्यासारखे काय होते?

सूज खरोखरच उतरू लागली. बायकोने पावसाळ्यात शाळेवर हजर व्हायचे बोलून दाखवले. एका सकाळी तिने लोड बाजूला सारला आणि पाय लांब करायला गेली. ते लांब झाले नाहीत. पूर्वी कळ येऊन अडत. आता कळ फारशी नव्हती, पाय फक्त पुढे जात नव्हते. पलंगाच्या कडेला धरून ती उभी राहिली ती खुर्चीवर बसल्यासारखी, कंबर मागे, धड पुढे. दोन पावले टाकून खाली बसली.

तिने दिवसभर कोणाला काही सांगितले नाही. आई भाजी आणायला गेल्यावर मला आत बोलावले.

"यावर बसा," ती म्हणाली.

"कशावर?"

"गुडघ्यावर. तुमचं सगळं वजन टाका. उघडेल."

मी नको म्हणालो. तिने माझा हात धरून गुडघ्यावर ठेवला. "अहो, दाबा. मी ओरडले तरी सोडू नका."

मी दाबले. ती ओरडली नाही. उशी तोंडात धरली होती. गुडघा तसूभरही खाली गेला नाही. मी हात काढल्यावर ती म्हणाली, "ज्वारीचं पोतं ठेवून बघू." ज्वारीचे अर्धे पोते मी आणले आणि ठेवलेही. आई परत आली तेव्हा सून पलंगावर, तिच्या गुडघ्यांवर पोते आणि मी बाजूला उभा, असे दृश्य तिला दिसले. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि विचारले, "काय चाललंय रं हे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघे सरळ करून पाहण्याचा प्रयत्न केला आणि विचारले, "रात्री पाय कसे ठेवता?"

बायको काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "लोड दिलाय की मी. बैठकीतला. सुनंला कोन देतं लोड?" तिच्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टर म्हणाले, "आजी, सुजलेला सांधा ज्या अवस्थेत ठेवाल तसाच राहायला बघतो. वाकवून ठेवला की बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून माणूस तसाच ठेवतो, आणि मग तो उघडत नाही."

"म्हंजी लोडानं झालं?"

"रोगानं झालं. लोडानं पक्कं केलं."

घरी आल्यावर आईने लोडाची खोळ काढली, शिवण उसवली आणि कापूस बाहेर ओढायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे दबून तो चिंध्यांसारखा झाला होता.

बायको पलंगावरून म्हणाली, "आत्याबाई, नका हो. लोडाला काय कळतंय?"

"लोडाला नाय कळत. मला कळाय पायजे व्हतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"सांगून कळतं ते येगळं," आई म्हणाली आणि कापूस ओढत राहिली.

डॉक्टरांनी बायकोला दवाखान्यात दाखल करून घेतले. उपचार असा होता: दोन्ही पायांना मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मग काही दिवसांच्या अंतराने गुडघ्यामागे प्लास्टर कापायचे, पाय सोसेल तेवढा ताणायचा, फटीत लाकडाचा तुकडा बसवायचा आणि वरून पुन्हा पट्टी गुंडाळायची. दर खेपेला पाय किंचित सरळ होतो. प्लास्टर करणारा माणूस वयस्क होता, शहागंजकडचा. पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारले, "टीचर हैं तुम? अच्छा. तुम बच्चां कू सीधा करते, मैं टांगां कू. रोते दोनों बी."

ताणताना ती पाढे म्हणत असे. बेचा, पाचाचा असे नाही, एकोणतीसचा. सोपे पाढे तोंडाला सवयीने येतात, त्यांचा उपयोग नाही, असे तिने मला सांगितले. सात-आठच्या आसपास आवाज तुटे. प्लास्टरवाला हात न थांबवता म्हणे, "एकोणतीस सत्ते? बोलो बाई, बोलो, मेरे कू बी याद करना है." ती ओरडून सांगे, "दोनशे तीन!" बाहेर बाकावर आई बसलेली असे. तिला आतून पाढे ऐकू येत. ती मला म्हणाली, "शाळा भरवलीय का काय तिनं आत?" आणि पदर तोंडाला लावला.

मी दुपारी दवाखान्यात आणि संध्याकाळी ऑफिसात असे. त्याच दिवसांत एका इंग्रजी बातमीत तो शब्द समोर आला. कुठल्याशा कारभाराविषयी होते. आर्थ्रिटिक प्रशासन, असे वाक्य होते. इंग्रजीत हे विशेषण सांध्यापुरते राहत नाही. जुन्या लिफ्टला लावतात, सरकारी खात्याला लावतात, जे जे कुरकुरत आणि उशिरा हलते त्याला लावतात. मराठीत काय लिहावे म्हणून मी थांबलो. मुख्य उपसंपादक खांद्यावरून वाकून म्हणाले, "एवढं काय अडलंय? सुस्त लिहा आणि पान छपाईला सोडा." मी सुस्त लिहिले. शब्द बरोबर नव्हता. सुस्त माणसाला हलायचे नसते. तिला फक्त हलायचे होते.

डावा गुडघा उघडला. पूर्ण नाही, पण उभे राहता येईल इतका. उजवा काही खेपांनंतर थांबला. लाकडाचा तुकडा मोठा केला तरी थांबला. एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकत्र बोलावले.

"उजवा गुडघा पुन्हा हलणार नाही," ते म्हणाले. "आतली जागाच संपली आहे. हाडं एकमेकांना लागली आहेत. मी ऑपरेशन करून ती नीट जुळवून देऊ शकतो. दुखणं जाईल. पण सांधा राहणार नाही. कोणत्या कोनात जुळवायचा, एवढंच आता ठरवायचं आहे. ताठ ठेवला तर उभं राहता येईल, चालता येईल. बसताना पाय पुढे लांब राहील. खाली जमिनीवर उठबस विसरा. वाकलेला ठेवला तर खुर्चीत नीट बसता येईल. उभं राहणं कुबड्यांवर."

मी काहीतरी विचारणार होतो. आईने आधी तोंड उघडले. "वाकल्यालाच ठिवा डाक्टर. मानूस बसल्याबिगर कसं जगंल? जेवाय बसायचं, निवडाय-टिपाय बसायचं. कुनाच्या घरी गेलं तर काय हुभंच ऱ्हायचं?"

बायको म्हणाली, "वर्गात उभंच राहायचं असतं, आत्याबाई."

"वर्ग वर्ग. वर्ग काय जल्माला पुरनार हाय?"

"बसून मी कोण होईन, सांगा."

बायकोने डॉक्टरांकडे वळून विचारले, "ताठ पायाने एसटीत चढता येईल?"

"डाव्यात ताकद आली तर. सगळा भार त्याच्यावर येईल, आणि तोही आजारीच आहे, हे लक्षात ठेवा."

"किती दिवस चालेल तो?"

"सांगता येणार नाही."

"ताठ करा," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले ते विचारण्यासाठी नव्हते. मी मान हलवली.

ऑपरेशन झाले. पुन्हा प्लास्टर, पुन्हा पडून राहणे. या वेळी आई रात्री उठून पाहत असे की पायाखाली काही आलेले तर नाही ना. चादरीची घडीसुद्धा ती ओढून काढत असे. प्लास्टर निघाल्यावर बायको भिंतीला धरून, मग काठीने, मग अंगणात नळापर्यंत चालू लागली. उजवा पाय पुढे टाकताना तो बाहेरून गोल फिरे. शेजारची पोरे बघत. ती त्यांना शुद्धलेखन विचारी, मग ती पळून जात.

रजा संपली. आता हजर झाले नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. हजर व्हायच्या सकाळी मी तिच्याबरोबर बसस्टँडवर गेलो. तिने इस्त्रीचे फिकट निळे पातळ नेसले होते. फुलंब्रीची गाडी लागली आणि नेहमीप्रमाणे लोक दाराशी धावले. आम्ही गर्दी ओसरेपर्यंत थांबलो. तिने डावा पाय पायरीवर ठेवला, दोन्ही दांडे धरले आणि वर उठायचा प्रयत्न केला. डावा गुडघा थरथरला आणि ती परत खाली आली. पुन्हा केला. पुन्हा खाली. मी मागून हात द्यायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही नका. रोज तुम्ही येणार आहात का?"

"बाई, टाइम झाला," कंडक्टर आतून म्हणाला. "मागची गाडी बघा."

मागे डोक्यावर पाटी, खांद्यावर घोंगडी घेतलेली एक धनगराची बाई उभी होती. ती म्हणाली, "अय कंडाक्टर, गप ऱ्हा. म्हशीला चढवाय लागतो येळ, ही तर मास्तरीन हाय." तिने पाटी माझ्या हातात दिली, बायकोच्या कमरेखाली खांदा लावला आणि म्हणाली, "हं. चढ. गाडी काय तुझ्यासाठी वाकनार हाय व्हय?" आणि तिला वर लोटले. बायको वर गेली. धनगरीण पाटी घेऊन तिच्या मागे चढली.

खिडकीतून आतले दिसत होते. दारालगतच्या बाकावर तिला जागा मिळाली. उजवा पाय वाटेत आडवा, ताठ.

"पाय आत घ्या बाई," कंडक्टर म्हणाला.

"तो आत येत नाही."

"म्हंजे?"

"वाकत नाही. ओलांडून जा."

कंडक्टरने पाहिले आणि पाय ओलांडला. त्याच्या मागून येणाऱ्यांनीही ओलांडला. गाडी सुटली. ती कशी उतरेल, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलेले नव्हते, ते मला गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सुचले. तिच्या गावाला ना फलाट होता ना बाक. उतरणारी बहुधा ती एकटीच असे.

संध्याकाळी ऑफिसला कळवून मी स्टँडवर थांबलो. फुलंब्रीकडून एक गाडी आली. तिच्यात ती नव्हती. दुसरी आली, तिच्यातही नव्हती. मी चौकशीच्या खिडकीपर्यंत गेलो आणि काय विचारावे ते न सुचून परत आलो. शेवटी एक जीप फाटकाबाहेर थांबली. मागच्या बाजूला दुधाच्या किटल्यांच्या मध्ये ती बसली होती, पाय मागच्या फळीबाहेर सरळ काढून. गावातल्या दूधवाल्याने आणले होते. त्याने आणि मी मिळून तिला खाली घेतले.

पातळाच्या मागच्या बाजूला कमरेपासून खालपर्यंत काळे ग्रीस आणि धूळ लागली होती, काठ एका ठिकाणी फाटला होता. सकाळी गावात गाडी थांबल्यावर डावा पाय तिला पेलेना. म्हणून ती एसटीच्या जमिनीवर बसली आणि पायऱ्यांवरून घसरत खाली उतरली. गाडीतले सगळे बघत होते. तशाच पातळाने तिने दिवसभर वर्ग घेतला, मुलांकडे पाठ करायची नाही असे ठरवून.

"उभी राहिलीस?" मी विचारले.

"हो," ती म्हणाली. मग तिने पदर मागून पुढे ओढून डाग पाहिला, बोटाने चोळला. तो पसरला.

"उद्या जुनं नेसते," ती म्हणाली.